शेवटची चार पानं

तुमच्या शोकसभेत माझं नाव पुकारलं, नाना, आणि मी उठून जिन्याखाली चपला शोधायला गेलो. लोकांना वाटलं, कानू भोईर घाबरला. मला बोलायची भीती कधी वाटली नाही हे तुमच्याएवढं कोणाला ठाऊक? वाचनालयाच्या माडीवर 'शांतता राखा' ही पाटी तुम्ही लावलीत ती माझ्यामुळंच. पण त्या दिवशी मला चपला पायात घालून घरच्या, पोशीरच्या रस्त्याला लागायचं होतं. का, ते पुढं सांगतो.

तुमच्या हाताखाली तयार झालेली सुनंदा आता तुमच्या खुर्चीवर बसते. तिनं कागद दिले. म्हणाली, "आजोबा, बोलला नाहीत तर लिहून द्या. नानांच्या आठवणींचा अंक काढतोय."

मी म्हटलं, "बाय, मी दुसरी शिकलेला माणूस."

तर म्हणते, "नाना सांगायचे, आख्ख्या नेरळात तुमच्याइतकी पुस्तकं कोणी परत आणली नाहीत."

म्हणजे वाचली असं तुम्ही म्हणाला नाहीत. परत आणली म्हणालात. गेल्यावर पण टोमणा मारायचं सोडलं नाही. म्हणून लिहितो. ऱ्हस्वदीर्घ सुनंदा बघेल, शब्दाला हात लावायचा नाही असं तिला बजावलंय. तुम्ही कधी आलात, किती वर्षं सेवा केली, किती कपाटं वाढवली, हे सभेत सगळ्यांचं सांगून झालंय. त्यात माझं काही नाही.

आपली ओळख खोट्यावरून झाली, आणि ते खोटं तुमचं होतं. खालच्या धान्याच्या दुकानात माझी पोती तोलायला वेळ होता म्हणून मी माडी चढलो. तुम्ही विचारलंत, "काय हवंय?" मी म्हटलं, "वाचायला काय हाय?" तुम्ही माझ्या पायांकडं पाहिलंत, चिखल होता, मग माझ्या हातात एक पातळ पुस्तक दिलंत. मोठमोठी अक्षरं. वर लिहिलेलं, नवसाक्षर प्रौढांसाठी. आत शेणखत कसं कुजवावं ते दिलं होतं. पुढच्या बाजाराला मी ते तुमच्या टेबलावर आपटलं. "शेणखताचं मला शिकवता? लिहिणाऱ्याला आणा आमच्या उकिरड्यावर, मी त्याला शिकवतो." तुम्ही हसलात तेव्हा चष्मा नाकावरून घसरला. उठून तुम्ही कोपऱ्यातलं ठेंगणं कपाट उघडलंत. वर पोपट काढलेला होता.

"ह्यातलं न्या."

"मी पोर हाय का?"

"तुम्हाला कुठं म्हणतोय? घरी पोरं असतील ना, त्यांच्यासाठी न्या."

माझी एकुलती मुलगी तेव्हा सासरी नांदत होती. ते तुम्हाला बोलण्याबोलण्यात आधीच कळलं होतं. तरी तुम्ही वहीत माझ्या नावासमोर लिहिलंत, 'मुलांसाठी'. पुढं कितीतरी वर्षं तेच लिहीत राहिलात. एका वेळी दोन पुस्तकं मिळायची. मी वरती जाडजूड कादंबरी धरायचो आणि खाली पोपटाच्या कपाटातलं पातळ. रस्त्यात कोणी भेटलं तर जाड दिसायचं. बांधावर बसलं की आधी पातळ निघायचं.

किती सुख होतं त्यात ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. बोट ठेवून वाचायचो. भात पोटरीला आलेलं असायचं, पाखरं हाकायला दुसऱ्या हातात गोफण. जोडाक्षर आलं की ओरडून म्हणायचो, म्हणजे पाखरं पण उडायची आणि अक्षर पण सुटायचं. बोलणारी कासवं, हट्टी राजकन्या, सात बहिणींचा एक भाऊ. एवढा मोठा घोडा माणूस, आणि राक्षसाचा जीव कुठं लपवलाय ते कळेपर्यंत भाकरीचं फडकं सोडायचो नाही.

मोठ्यांची पुस्तकं पण वाचली, उगाच नाव घालवू नका. पण आपला वाद त्याच्यावरच होता. मी म्हणायचो, "नाना, ह्या मोठ्यांच्या कादंबरीत माणसं जेवतच नाय. दोनशे पानं झाली, बाई खिडकीत उभी हाय. तिच्या घरची म्हस कोण पिळतं?" तुम्ही म्हणायचात, "कानूदादा, तिचं दुःख मनातलं आहे." मी म्हणायचो, "मनातलं आमाला पण हाय. म्हस पिळता पिळता हाय. पोरांच्या पुस्तकात बघा, पहिल्याच पानाला भूक लागते." तुम्ही टेबलावर पेन्सिल आपटायचात. म्हणायचात, पोराच्या गोष्टीला शेवट असतो, मोठ्यांच्या गोष्टीला नसतो, एवढाच फरक. मी म्हणायचो, ज्याला शेवट येत नाय तो मोठ्यांसाठी लिहितो. हा वाद तसाच राहिला. आता मला वाटतं तुमचं थोडं बरोबर होतं. थोडंच.

चांद्याची गोष्ट आता लिहायलाच पाहिजे. सभेतून मी उठलो ते त्याच्याचमुळं.

चांद्या माझा बैल. कपाळावर पांढरा टिळा होता म्हणून चांद्या. त्याच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं. चिखलणीला जोडला तर बांधावर जायचा, जोडीदाराला पण ओढायचा. दोन पावसाळे मी कळ काढली, मग त्याला बाजारात नेला आणि व्यापाऱ्याला दिला. आंधळा म्हातारा बैल व्यापारी कशाला घेतो ते शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. आमच्याकडं बैल दिला तरी दावं देत नाहीत, गोठ्याचं चांगलं त्याच्याबरोबर जातं म्हणतात. व्यापाऱ्यानं आपली दोरी बांधली, मी माझं दावं सोडलं. चांद्यानं कान माझ्याकडं वळवला. डोळ्यांनी दिसत नव्हतं ना त्याला, म्हणून कान.

मी दावं खांद्यावर टाकून सरळ माडी चढलो. घरी जायचं धाडस नव्हतं. तुमच्या माडीच्या सज्जातून बाजार दिसतो, पण तुम्ही पाहिलं की नाही ते कधी बोलला नाहीत. मी पोपटाचं कपाट उघडलं आणि ज्याच्यावर बैल काढलेला होता ते पुस्तक उचललं. पुठ्ठा सुटलेला होता. तुम्ही म्हणालात, "ते फाटकं आहे, कानूदादा, दुसरं घ्या." मी म्हटलं, "हेच पायजे." तुम्ही माझ्या खांद्यावरच्या दाव्याकडं पाहिलंत आणि शिक्का मारलात. 'मुलांसाठी'.

त्यात एका शेतकऱ्याचा आंधळा बैल होता. शेतकरी त्याला विकतो. बैलाला पाचव्या गावाला नेतात, तिथं तो दावणीला झटका देतो, खुंटा उपटतो आणि वाट न दिसता निघतो. एवढ्यावर पानं संपली. पुढची चार पानं नव्हती. शिलाईत नुसते धागे लोंबत होते.

यमुना, माझी बायको, बैल दिल्यापासून माझ्याशी बोलत नव्हती. ताट पुढं सरकवायची, पाणी ठेवायची, तोंडातून शब्द नाही. मी पुढचा बाजार यायची वाट पाहिली नाही. कापणी सोडून नेरळला आलो.

"नाना, ह्याचा शेवट कुठं हाय?"

"पानं गेली आहेत. मी तेव्हाच म्हटलं होतं."

"तुमी वाचलाय का?"

तुम्ही चष्मा काढलात, पुसलात. मग म्हणालात, "वाचलाय. बसा."

आणि तुम्ही शेवट सांगितलात. बैल चालत राहिला. वाट दिसत नव्हती, पण ते राब भाजायचे दिवस होते. जिकडंतिकडं शेतात पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून पेटवलेल्या. प्रत्येक गावच्या राबाचा वास निराळा. त्याच्या धन्याच्या राबाला ऐनाच्या झाडाच्या पाल्याचा वास होता. त्या वासाला नाक लावून तो तीन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला. धनीण घमेल्यात पाणी घेऊन आली. धनी बाहेर आला. दावं खुंटीला अडकवलेलं होतं. त्यानं हात वर नेला आणि तसाच खाली घेतला. आता त्याला बांधायची काय गरज?

एवढं सांगून तुम्ही म्हणालात, "संपली." मी उठून सज्जात गेलो आणि तिथं बराच वेळ बाजार बघत उभा राहिलो. त्या दिवशी बाजार नव्हता.

घरी येऊन मी यमुनाला सगळं सांगितलं. ती भात निवडत होती. सूप खाली ठेवून तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, "ऐनाचाच पाला का?" मी म्हटलं, "ऐनाचाच." ती म्हणाली, "आपलापण ऐनाचाच." मग चहा टाकायला आत गेली. माझ्या घरात बोलणं परत आलं ते तुमच्या चार पानांनी.

पुढं अकरा वर्षं मी तो शेवट धरून राहिलो. चांद्या आला नाही, येणार नव्हता, मी काय वेडा नव्हतो. पण राब पेटवताना दरवर्षी ऐनाच्या दोन फांद्या जास्त टाकायचो. कारण कोणाला सांगितलं नाही. यमुनानं विचारलं नाही.

मग नवी पुस्तकं आली, त्यात तेच पुस्तक कोरं करकरीत. तुम्ही तेव्हा गावी गेला होता, सुनंदानं दिलं. मी तिथंच उभ्यानं शेवटची चार पानं काढली. बैल ओढ्यात पडतो. शेतकऱ्याला निरोप येतो. तो डोळे पुसतो आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन नवी जोडी आणतो. खाली तात्पर्य छापलेलं, की गेलेल्यासाठी रडत बसू नये, कामाला लागावं.

तुम्ही आलात त्या दिवशी वाचनालय भरलेलं होतं. पेन्शनीत निघालेली माणसं पेपर वाचत होती. मी सगळ्यांसमोर पुस्तक तुमच्या पुढ्यात टाकलं.

"खोटं बोललात."

"कानूदादा, हळू."

"हळू कशाला? आडाणी माणूस बघून काय पण सांगितलंत. आणि सांगायचं तर नीट तरी सांगायचं. ह्या पुस्तकात पहिल्याच पानाला जोंधळ्याचं रान हाय, मोट हाय. ही देशावरची गोष्ट. देशावर राब भाजतात का? कधी बैलाच्या मागं चाललात का तुमी? पांढऱ्या कापडातला माणूस, तुमाला राब काय नि रान काय!"

कोणीतरी हसलं. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "चुकलंच माझं." एवढंच. मला ते फार गोड लागलं, नाना. मी लिहिणाऱ्या माणसाची चूक काढली होती, दुसरी शिकलेल्यानं. छाती काढून जिना उतरलो.

दीड वर्ष मी वाचनालयात आलो नाही. बाजाराला आलो की पलीकडच्या बाजूनं जायचो. तुम्ही सज्जात उभे असायचात, ते मला मान वर न करता दिसायचं. घरी यमुनाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांनी गोष्ट केली, तुमी बैल इकला. खोटं कोणाचं मोठं?" मी तिच्यावर ओरडलो. तिनं ओरडू दिलं, मग म्हणाली, "आणि पुस्तक आणा आता. हाताला पुस्तक नाय तर सारखं माझ्या भाकरीकडं बघता."

मी आलो तेव्हा तुम्ही मान वर केली नाहीत. टेबलावर दोन पुस्तकं काढून ठेवली होती, एक जाड, एक पातळ. कधीपासून ठेवली होती कोणास ठाऊक, वरच्यावर धूळ होती. तुम्ही फुंकर मारलीत, शिक्का मारलात. मी माफी मागितली नाही. तुम्ही मागायला लावली नाहीत. त्या दिवसापासून मी तुमच्याकडं पुस्तकं शिवायला बसू लागलो, जाड सुई, दोरा, मैद्याची खळ. तुम्हाला वाटलं असेल माझा वेळ जात नाही. ती माझी माफी होती, नाना. दोनशेच्या वर पुस्तकं मी शिवली. ते बैलाचं एक मात्र पुढं केलंत की बाजूला सारायचो.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा स्टेशनजवळच्या तुमच्या खोलीवर आलो होतो. आवाज अगदी बसला होता. कॉटवर पडल्या पडल्या तुम्ही डोळे बारीक केलेत आणि म्हणालात, "काय कानूदादा, आला का आपला बैल घरी?"

मी म्हटलं, "छापलंय तसंच होणार."

तुम्ही हसलात, मग खोकला आला, मी पाठ चोळली. पुढच्या आठवड्यात येतो म्हटलं. पुढच्या आठवड्यात तुम्ही नव्हता.

आता सभेचं सांगतो. माझ्या शेजारी पटका बांधलेला एक म्हातारा बसला होता. तुमचा थोरला भाऊ, नगरकडून आलेला. बोलता बोलता म्हणाला, "नाना बारा वर्षांचा हुईस्तवर आमच्या बैलांचं समदं त्योच बघायचा. साळंत घातला तवा दावणीपाशी रडत बसला हुता."

तो पुढं म्हणाला, "एक इचारू का? तुमच्या हितं राब का काय म्हंत्यात, त्यो कसा असतो वं? नाना दरसाली सांगायचा. आपल्या जोंधळ्याच्या रानात काय नाय ते, पर तिकडं राब भाजाया लागले की ठेसनापातूर वास येतो म्हणं. म्हणायचा, माझा एक दोस्त हाय तिकडं, त्याचा राब ऐनाचा."

तेवढ्यात सभा चालवणाऱ्यानं माझं नाव पुकारलं.

तुम्हाला ठाऊक होतं. देशावर राब नसतो हे माझ्याआधी तुम्हाला ठाऊक होतं, तुम्ही त्याच मातीतले. चूक नव्हती ती. जोंधळ्याच्या रानातून निघालेला बैल तुम्ही माझ्या दारात आणून उभा केला होता, म्हणून वाटेत माझ्या शेताचा धूर घातलात. आणि मी अकरा वर्षं त्या धुरावर जगून, भर माणसांत तुम्हाला विचारलं, कधी बैलाच्या मागं चाललात का. तुम्ही म्हणालात, चुकलंच माझं. एका शब्दात माझं तोंड बंद करता आलं असतं. केलं नाहीत. मग मी उठून काय बोलणार होतो? चपला शोधायला गेलो.

सभेनंतरच्या एका बाजाराला सुनंदा फाटकी पुस्तकं वेगळी काढत होती. बैलाचं त्यात होतं. म्हणाली, "हे रद्दीत, आजोबा. शेवटच नाही त्याला. नवं आहे ना आपल्याकडं."

मी म्हटलं, "शेवट हाय. मला पाठ हाय."

घरी आणलं. पुस्तकात लिहायचं नाही हा तुमचा नियम मी मोडला नाही. वेगळे कागद आणले, त्याच मापाचे कापले आणि शाईनं लिहिलं. चार पानं भरायला मला नऊ दिवस लागले. यमुना समोर बसून ऐकत होती. तीन दिवसांच्या जागी मी दोन लिहिले तर तिनं पकडलं. राबापाशी आलो तेव्हा हात थांबला. जोंधळ्याच्या पुस्तकात राब, कोणीतरी उद्या चूक काढेल. यमुना म्हणाली, "काढंना. तुमी बसलाव ना भांडायला." राब तसाच ठेवलाय. ऐनाचा पाला पण.

मग जुन्या शिलाईचे धागे काढले आणि तुम्ही शिकवलेल्या टाक्यानं पानं शिवली. काल सुनंदाला नेऊन दिलं. लगेच परत मागितलं, मला वाचायला. तिनं वही उघडली आणि तुमच्या सवयीनं लिहायला घेतलं, 'मुलांसाठी'. मी तिचा हात धरला. म्हटलं, "बाय, ते खोड. माझ्यासाठी लिही."

आज बांधावर बसून पहिल्या पानापासून वाचलं. बोट ठेवून, मोठ्यानं. शेवटची चार पानं माझ्याच अक्षरात, पण आवाज तुमचा येत होता. तुम्ही मला शेवटचं जे विचारलंत त्याचं उत्तर तेव्हा तुमच्या उशाशी बसून द्यायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं नाही. आता सांगतो.

आला, नाना. तिसऱ्या दिवशी दुपारी आला. दावं अजून खुंटीलाच आहे.